कॉलरखालचे तीन टाके

नातवंडांनो, हे आत्ता लिहायला बसले त्याला कारण थोरलीचं मागचं पत्र. हाताखालची तीन माणसं एका महिन्यात सोडून गेली आणि का गेली ते एकानंही सांगितलं नाही, असं तिनं लिहिलंय. फोनवर थोडं बोललं तरी आता मला दमायला होतं. म्हणून लिहिते.

हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर काही वर्षांनी तुमच्या आजोबांनी उस्मानाबादेत कपडे शिवायचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे एक लांब खोली, नऊ मशिनी आणि कापड बेतायचं टेबल. शाळांचे खाकी गणवेश शिवायचे. येडशी स्टेशनावरून कापडाचे गठ्ठे आणणं आणि शाळांत फिरणं आजोबांकडे, माणसं माझ्याकडे. ती टिकत नसत. ज्वारीची काढणी आली की बेंबळी गावाकडचे दोघं-तिघं रानात जात, ईदेआधी उरलेल्यांना घरोघरची शिलाई असे. माझं हजेरीपुस्तक मात्र फार सुबक असायचं.

कापड बेतायचे ते चाचा. वेळ पडली की मशीनवरही बसत. सगळे शिंपी त्यांच्याच हाताखाली शिकलेले. एक माणूस अख्खा सदरा शिवायचा आणि कॉलरच्या आत आपल्या रंगाच्या दोऱ्याचे तीन टाके घालायचा. चाचांचा रंग हिरवा. सदरा उसवून परत आला की कॉलर उलटून बघायची. ज्याचा रंग असेल तो मुकाट्यानं घेऊन जायचा. मला ती नुसती हौस वाटे.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. एका पुस्तकात वाचलं होतं की एका माणसाला एकच काम द्यावं, म्हणजे तो गेला तरी त्याच्या जागी दुसरा लवकर तयार होतो. शाळा उघडायच्या आधीची घाई होती. मी कामं वाटून दिली. एकाकडे कॉलर, एकाकडे बाह्या, एकाकडे खिसे. रंगीत दोरे बंद केले. चाचा एवढंच म्हणाले, "बाईसाब, तुमी शिकलेल्या. करून बघा."

पंधरा दिवस काम भराभर झालं. मग एका शाळेतून गठ्ठा परत आला. हातानं जरा ताणून पाहताच सदरे काखेत उसवलेले. बाह्या जोडणारा म्हणाला, बाजू शिवणाऱ्यानं ओढून शिवलं; बाजू शिवणारा म्हणाला, माझ्याकडे आलं तेच वाकडं आलं. गठ्ठ्याला कुणी हात लावेना. शेवटी मी सगळ्यांदेखत चाचांना म्हटलं, तुम्ही वडीलधारे आहात, चूक कुणाची ते सांगा.

त्यांनी गठ्ठ्यातला एक सदरा उचलून कॉलर उलटून पाहिली.

"नाव कुणाचं सांगू, बाईसाब? ह्या सदऱ्याला बाप ठिवला न्हाय तुमी."

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आणखी दोघं आले नाहीत. चाचांशिवाय बेतणारं कुणी नव्हतं आणि शाळा उघडायला तीन आठवडे राहिले होते. आजोबा रागावले नाहीत, तेच जास्त जड गेलं. शब्द मोडला तर पुढच्या वर्षी कुठलीही शाळा दारात उभं करणार नाही, इतकंच बोलले.

मी चाचांच्या घरी गेले. ते स्वतःच्या मशीनवर कुणाचा तरी सदरा शिवत होते. चाचींनी चहा दिला. माफी कशी मागावी ते मला सुचेना. पिशवीतून रंगीत दोऱ्यांची रिळं काढून मी मशीनवर ठेवली. त्यांनी एकेक रीळ हातात घेऊन पाहिलं.

"पिवळा कुठं हाय?"

पिवळा दोरा सोडून गेलेल्यांपैकी एकाचा. तो सोलापूरला गिरणीत लागल्याचं मला कळलं होतं, म्हणून त्याचं रीळ मी आणलं नव्हतं. तसं सांगितलं.

"तरी बी आणा. जागा त्याची हाय."

दुसऱ्या दिवशी ते कामावर आले. परत आलेला गठ्ठा त्यांनी एकट्यानं दुरुस्त केला आणि प्रत्येक कॉलरखाली हिरवा दोरा घातला. तरी निम्म्या शाळांना गणवेश उशिराच गेले, आणि त्या शाळा पुढच्या वर्षी दुसऱ्या व्यापाऱ्याकडे गेल्या. पिवळ्या दोऱ्याचा माणूस आला नाही. कारखाना त्यानंतरही काही वर्षं चालला. दर सुगीला माणसं जायची, मी पुन्हा गोळा करायची. मग बाजारात तयार कपडे आले, आणि तोवर आम्हीही थकलो होतो.

थोरले, तुझी माणसं मी पाहिलेली नाहीत, म्हणून सल्ला देत नाही. मशिनी विकल्या गेल्या. त्या गठ्ठ्यातला एक सदरा माझ्या कपाटात आहे. खाकी विटून पांढुरकी झालीय. कॉलरखालचे तीन हिरवे टाके शाबूत आहेत.