सहा खिळे

मराठीत डोळे 'येतात'. चार दिवस राहतात, लाल होतात, चिकटतात आणि जातात. माझे आले ते मुक्कामालाच आले. दहावीच्या पावसाळ्यात आले आणि अकरावीची सहामाही उरकली तरी हलायचं नाव नाही. सतत पाणी, पापण्यांना सूज, आणि खाज तर अशी की वाटावं डोळे काढून पाण्यात बुडवून ठेवावेत. शाळेत बाईंनी मला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं. डोळे आलेल्या मुलीकडं नुसतं बघितलं तरी बघणाऱ्याचे डोळे येतात म्हणे. सव्वा वर्षात माझ्यामुळं वर्गात एकीचेही डोळे आले नाहीत, पण हे ध्यानात यायला आधी कुणी माझ्याकडं बघायला हवं होतं ना!

१९६०च्या दशकातली ही गोष्ट, तेव्हा मॅट्रिकची बोर्डाची परीक्षा अकरावीला असायची. कोल्हापुरात एका पेठेत आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. बाहेरची खोली वडिलांची. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, कचेरीत कारकून होते. त्या खोलीला रस्त्याकडची मोठी खिडकी, खिडकीत आरामखुर्ची, खुर्चीत अण्णा आणि अण्णांच्या हातात वर्तमानपत्र. आतली खोली आईची आणि माझी. तिथंच स्वयंपाक, तिथंच झोपणं, तिथंच माझा अभ्यास आणि तिथंच, माझ्या अंथरुणाच्या उशाला, भुशाची दोन पोती.

रॉकेल पुरायचं नाही म्हणून आमच्याकडं भुशाची शेगडी होती. पत्र्याचा डबा घ्यायचा, मधोमध बाटली उभी धरायची, भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा, मग बाटली अलगद फिरवत काढून घ्यायची आणि खालच्या भोकातून पेटवायचं. दहावीत गेल्यापासून ठासायचं काम माझं. ठासताना भुशाची बारीक धूळ उडायची ती केसांत, वहीत, दुधावर, सगळीकडं बसायची. पावसाळ्यात पोती ओल धरायची आणि खोलीभर कुबट वास सुटायचा. शेगडी पेटली की पहिला अर्धा तास नुसता धूर. तो धूर जाणार कुठं? खिडकी होती, पण ती नुसती भिंतीत होती. राहायला आलो त्याच आठवड्यात अण्णांनी तिच्या दारांना सहा खिळे ठोकले होते. मागं गटाराचा अरुंद बोळ, बोळापलीकडं तालीम, तालमीत लंगोटातली पोरं, आणि आमच्या घरात बायका. पोरं उघडी, म्हणून आम्ही बंद. हा न्याय मला लहानपणी न्यायच वाटायचा, याचा आता सगळ्यांत जास्त राग येतो.

डोळ्यांवर उपाय काय कमी झाले? गुलाबपाणी घातलं. तुपावरचं काजळ घातलं, त्यानं आणखी चिकटले. तळपायांना काशाच्या वाटीनं तूप चोळलं. शेवटी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडं नेलं. डोळे माझे, पण सगळे प्रश्न अण्णांना. "वाचते का फार?" "हो, सारखी पुस्तकात तोंड घालून असते." झालं, रोग सापडला! थेंबांची बाटली मिळाली आणि वाचन कमी करायचा हुकूम. पुढं ऐंशी सालच्या सुमाराला आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले, तर त्या बाईंनी बसल्या बसल्या पहिलं हेच विचारलं, "घरात हवा खेळती आहे का? धूळ, धूर, ओल?" एवढा साधा प्रश्न! आमच्या वेळी तो विचारायला कुणाच्या जिभेला काय झालं होतं?

आणि आईचं तर विचारूच नका. तिचे डोळे माझ्या आठवणीत कधी पांढरे नव्हतेच. पदरानं पुसायची आणि भाकरी थापायची. शेजारणी आपसांत म्हणायच्या, हिला सासुरवास नाही, नवरा मारत नाही, मग ही उठता बसता रडते कशाला? तिला कुणी थेंबसुद्धा आणून दिले नाहीत. अण्णांचे डोळे मात्र कधी आले नाहीत. बाहेरच्या खोलीत यायला डोळ्यांनाही बहुधा परवानगी लागत असावी.

दिवाळीच्या तोंडावर अण्णांनी जाहीर केलं, "सुट्टीनंतर शाळेतून नाव काढू. बोर्डाचा फॉर्म भरायचा नाही. मॅट्रिक होऊन डोळे गेले तर पुढं हिला स्थळ कोण आणणार?" मी वर्गात दुसरी यायची. शेवटच्या बाकावरून, एक डोळा मिटून फळा वाचत दुसरी यायची! मी रडले, तर अण्णा म्हणाले, "बघ, रडून आणखी लाल करून घेतलेस." आई त्या वेळी शेगडी फुंकत होती.

त्याच आठवड्यात गडहिंग्लजहून मावशी आली, दाढ काढून घ्यायला. दाढ निघाली, गाल सुजला, म्हणून चार दिवस राहिली आणि आमच्याबरोबर आतल्या खोलीत झोपली. तिसऱ्या सकाळी उठली ती डोळे चोळतच. आरशात बघितलं, माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं. मग सुजलेल्या गालानं अख्ख्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, "मे महिन्यात माझ्याकडं पंधरा दिस ऱ्हायलीस, तवा कुठं गेलते गं तुझे डोळे?"

खरंच, कुठं गेले होते? तिच्याकडं पंधरा दिवस मी अंगणात झोपले होते, दिवसभर गोष्टीची पुस्तकं वाचली होती आणि डोळ्यांची आठवणसुद्धा झाली नव्हती. सव्वा वर्ष डोळे चोळले, पण हे मलाही सुचलं नव्हतं. घरचं सगळं बरोबरच असतं, चूक असेल तर ती आपल्या अंगातच असते, हे आम्हा मुलींच्या डोक्यात इतकं ठासून भरलेलं होतं.

"पोरीच्या डोळ्याला काय झालंय म्हणून बघताय," मावशी आईला म्हणाली, "ह्या खोलीला काय झालंय ते बघा की आधी!" आणि ती तडक शेजारच्या सुताराकडून खिळे उपटायचा जंबूर घेऊन आली.

अण्णा कचेरीत गेले होते. आई घाबरली. "अगं, हे संध्याकाळी येतील."

"येऊ देत की. त्यांचे डोळे ठणठणीत हायत, उघडी खिडकी बरोब्बर दिसंल त्यांस्नी."

खिळे गंजून फुगले होते. पाच निघाले, सहावा तुटला. मावशीनं दारांना खांदा लावला. मी डोळे मिटून घेतले, कारण समोर लंगोटातली पोरं असणार आणि ती बघितली की काहीतरी भयंकर होणार, असं मला अकरा वर्षं सांगितलेलं होतं. धाडकन दारं उघडली. तोंडावर वारा आला. मावशीचं हसू ऐकून मी डोळे उघडले.

समोर भिंत होती. तालमीच्या खिडकीची नुसती चौकट राहिली होती, आत विटा रचून वर गिलावा केलेला, आणि त्या गिलाव्यावरही आता शेवाळ चढलेलं. एखाद्या मुंगीलासुद्धा आमच्या घरात डोकावता आलं नसतं.

धाडधाड ऐकून तालमीचे वस्ताद बोळात आले. पैलवान तयार करणारा माणूस, पिकल्या मिशा, खांद्यावर पंचा. आम्हाला बघून त्यांनी मान खाली घातली आणि बोलणं संपेपर्यंत वर केली नाही. "काय पडलं म्हणून बघाय आलो, वैनी."

"ही तुमची खिडकी कवा बुजवली?" मावशीनं विचारलं.

"ती व्हय? तुमची मंडळी हितं ऱ्हायला आली, त्याच पावसाळ्यात. म्हटलं, घरात बायामानसं, आमची पोरं उघडी. वैनींनी खुशाल आपली खिडकी उघडी ठेवावी, म्हनून बुजवली." मग खालीच बघत त्यांनी विचारलं, "पर तुमची तर कवाच उघडी दिसली न्हाय. का वो?"

मावशी म्हणाली, "आम्हांस्नी कुणी सांगितलंच न्हाई."

"वैनींच्या मालकांनी सांगितलं न्हाय? गटार तुंबल्यालं तवा हितंच हुबं हुते की. आमी विटा लावताना बघितलं त्यांनी. 'बरं केलं' म्हनून गेले."

वस्ताद गेल्यावर आईनं काय करावं? ती उठली, भुशाचं पोतं ओढत ओढत बाहेरच्या पायरीजवळच्या पत्र्याखाली नेऊन टाकलं. मग दुसरं नेलं. ओल्या फडक्यानं फळ्या पुसल्या, गाद्या उन्हात टाकल्या. शेगडी बाहेर पेटवली आणि धूर संपल्यावरच आत आणली. अण्णा आले, उघडी खिडकी बघून त्यांनी तोंड उघडलं, पण मावशी गाल धरून समोरच बसली होती. त्यांनी ते तसंच मिटलं.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत माझी खाज गेली, सूज उतरली. आईच्या डोळ्यांतही मला पहिल्यांदा पांढरा रंग दिसला. अण्णा मात्र येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत सुटले, "डॉक्टरांच्या थेंबांनी गुण आला बघा." थेंबांची बाटली कधीच संपून गेली होती. पण त्या बोलण्यामुळं नाव काढायचं कारण उरलं नाही, आणि मी बोर्डाचा फॉर्म घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मला राहवलं नाही. "अण्णा, तालमीची खिडकी बुजवलेली तुम्हाला माहीत होती?"

"होती की," ते शांतपणे म्हणाले. "पण मला माहीत असून काय उपयोग? लोकांना कुठं माहीत होती? त्यांना आपली खिडकी उघडी दिसली असती."

अकरा वर्षं. आईचे डोळे, माझे डोळे, शेजारणींचं बोलणं, शेवटचा बाक. माझ्या तोंडात इतकं आलं होतं की ते ऐकून अण्णा खुर्चीसकट रस्त्यावर जाऊन पडले असते. पण फॉर्मवर सही अजून व्हायची होती. म्हणून मी गप्प उभी राहिले.