म्हाताऱ्या मेंढीचं जॅकेट

दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये अण्णा, म्हणजे माझे वडील, सगळ्या जगाच्या नोकरीची चौकशी करायचे. शेजारच्या बाबूच्या मुलाची, दूधवाल्याच्या भावाची. माझ्या मात्र कधीच नाही. बाजार नुकता खुला झाला होता, गुडगावात मोहरीच्या शेतांतून काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि तिथल्याच एका एक्स्पोर्ट कंपनीत मी कातड्यांची प्रतवारी करत होते. अण्णा केंद्राच्या एका मंत्रालयात साहेब असले तरी त्यांचं लहानपण माणदेशात मेंढरांमागे गेलेलं. बापानं जी मेंढरं राखली त्यांचीच कातडी लेक निवडते, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. मी एरवी तोंडाळ, पण या विषयावर माझ्याही तोंडाला कुलूप असे. फार वाटायचं, त्यांनी एकदा तरी विचारावं.

आता त्या फॅक्टरीच्या जागी मॉल आहे. ते काम माझं फार लाडकं होतं. सकाळी चार्टर्ड बसमधून उतरून उत्तरेच्या खिडकीशी कातडं पसरायचं, डोळे मिटायचे आणि त्यावरून बोटं फिरवायची. दाट लोकरीच्या मेंढीचं कातडं सैल, पोकळ. थंडी लोकरीनं झेलायची, कातड्याला कष्टच नाहीत. दक्षिणेकडच्या आखूड केसांच्या मेंढीचं मात्र घट्ट आणि गुळगुळीत. कोकराचं तर दुधावरची साय. वय वाढलं की काट्यांचे ओरखडे येतात, मानेवर वळ्या पडतात, विऊन विऊन पोटाचा भाग ताणलेला असतो. असली कातडी मी खालच्या ढिगात टाकायची.

अण्णा रिटायर झाले, क्वार्टर सुटलं आणि आम्ही गुडगावच्या नव्या सोसायटीत आलो. पहिल्याच थंडीत मी कंपनीच्या मालकांना विचारून अण्णांसाठी जॅकेट शिवून घेतलं. बोलून जमलं नाही ते जॅकेटनं जमेल, ही आशा. कोकराची उत्तमातली उत्तम कातडी वेचली.

अण्णांनी ते उलटं धरलं, पाठीच्या शिवणींवरून बोट फिरवलं. “पाठ एवढ्या तुकड्यांची का गं?”

“कोकराचं कातडं लहान असतं ना, अण्णा.”

“दोन दात तरी आले होते का याला?”

मेंढराचं वय दातांवरून काढतात. मोठे दोन दात दिसेपर्यंत आजोबा जनावर विकत नसत, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. “अच्छा आहे. मऊ आहे. तूच घाल,” म्हणाले आणि आत गेले.

माझं डोकंच फिरलं. मटणाचा रस्सा ओरपणारा माणूस कातड्याला नाक मुरडतो! दोन दिवस मी भांडी आपटली. राग निवळल्यावर त्यांचा प्रश्न आठवला. त्यांनी वय विचारलं होतं.

मग मी खालच्या ढिगात हात घातला. जुन्या, थोराड मेंढ्यांची कातडी निवडली. शिवणारे मास्टरजी कळवळले, “मॅडम, ये तो रिजेक्ट है!” मी म्हटलं, “मुझे यही चाहिए.”

या वेळी पाठ अखंड होती. खांद्यावर एक लांब ओरखडा. अण्णांचं बोट त्यावर थांबलं. “बाभळीचा काटा. कुणाच्या तरी कुंपणात घुसली असणार, हावरट!” आणि ते हसले.

“दोन-तीनदा व्यायलेली असेल,” मी म्हटलं.

“तुला कसं कळलं?”

आतल्या बाजूचा एक सैल भाग मी त्यांच्या चिमटीत दिला. “हे पोट. हात लावून बघा.” मग ते विचारत राहिले, मी सांगत राहिले. चहा निवून गेला, आम्हा दोघांनाही त्याचं भान नव्हतं.

ती थंडी ते जॅकेट घालूनच फिरले. एकदा भाजी घेऊन येताना सोसायटीच्या बागेत ते बाकावर दिसले. पाठ माझ्याकडे होती. शेजारचे रिटायर्ड कर्नल त्यांना चिडवत होते, “भाईसाहब, लेदर तो नरम होना चाहिए. बेटी ने आपको फँसा दिया!”

“बूढ़ी भेड़ का है,” अण्णा म्हणाले. “बेटी ने खुद छाँटा है. हमारे खानदान में भेड़ की परख अब उसी के पास है.”

मी भाजीची पिशवी तिथंच खाली ठेवली आणि भर रस्त्यात रडले.