आत्याच्या एकोणीस ओळी

आमच्या जिन्यात बातमी होती की आत्याची नोकरी गेली आणि त्या धक्क्यानं ती दिवसभर काळ्या पडद्याकडे बघत बसते. खालच्या काकू तर कुजबुजायच्या, "बिचारी पांढरी अक्षरं मोजते हो!"

सगळं झूट. नोकरी गेली नव्हती, टांगणीला लागली होती. आत्या रक्त तपासणाऱ्या लॅबचा रिपोर्ट छापायचा प्रोग्राम सांभाळते. तो आठ महिन्यांच्या बाळाला आठ वर्षांचं करून टाकत होता. मालक नाकातून म्हणाले, "म्याडम, शनिवारपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर काम बाहेर देतो." आणि लॅबनं दिलेला लॅपटॉप एवढा म्हातारा, की कोड लिहायचं मोठं सॉफ्टवेअर उघडेपर्यंत आत्याचा चहा गार व्हायचा.

म्हणून तिनं हलका एडिटर घेतला. काळा पडदा, पांढरी अक्षरं, बास. त्यानं आणखी काय करायचं, ते एका फाइलमध्ये ओळीओळीनं लिहून द्यायचं. माझ्या दादानं स्वतःची सहाशे ओळींची फाइल पाठवली. "आत्या, डोळे झाकून चिकटव गं!" तिनं चिकटवली. लॅपटॉपनं आचके दिले आणि मान टाकली.

आत्यानं सगळं पुसलं. "जी ओळ मला कळत नाही, तिला घरात घ्यायचं नाही."

मग एक ओळ लिहायची, एडिटर बंद करून पुन्हा उघडायचा, बघायचं. अक्षरं मोठी झाली. ओळींना नंबर आले. शुक्रवार उजाडला, तरी प्रोग्रामला हात नाही!

"स्वयंपाक सोडून ओटाच पुसतेयस तू," मी म्हणाले. "संध्याकाळी दादाच्या पाया पडशील. पैज?"

"लाव. हरलीस तर आठ दिवस कुणाची नक्कल नाही."

"आणि तू हरलीस तर?"

"तर मी घरीच असेन गं. कर दिवसभर माझी नक्कल." ती हसली, पण डोळे पडद्यावरच होते.

दुपारी एकोणिसावी ओळ आली: शोधलेला शब्द दिसेल तिथे पिवळा व्हावा. तिनं वयाचा शब्द शोधला. तीन ठिकाणी पिवळं. दोन जागी महिन्यांचा हिशोब चोख. तिसऱ्या जागी, पार तळाशी, सरसकट वर्षं.

"हा बघ चोर!" आत्या खुर्चीतून उठलीच.

शनिवारी बाळ आठ महिन्यांचं छापलं गेलं आणि काम आत्याकडेच राहिलं. मालकांनी रिपोर्ट उलटसुलट करून जे काही म्हटलं, ते तिनं घरी येऊन सांगितलं. करून दाखवायला माझी जीभ नुसती वळवळतेय, पण पैजेचे अजून सहा दिवस बाकी आहेत.