अध्यक्षांच्या हातातली हलगी

संजीवनीताईंना माणसांच्या चेहऱ्यांचा वीट आला होता. हे त्या कुणाला बोलून दाखवत नसत, कारण चेहऱ्यांवरच त्यांचं दुकान चालत होतं. बारामतीत जळोचीकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं फ्लेक्सचं दुकान आहे. छपाईचं मशीन यजमान गोकुळराव सांभाळतात आणि संगणकावरचं सगळं काम बाईंचं. गेली बावीस वर्षं त्या वाढदिवसाचे, निवडीचे, अभिनंदनाचे आणि श्रद्धांजलीचे फलक करत आल्या आहेत. गुटख्याने लाल झालेले दात पांढरे करायचे, उन्हाने रापलेला माणूस दोन छटा उजळवायचा, ज्याच्या अंगावर कोट नाही त्याला कोट चढवायचा. कोट चढवण्याची रीत सोपी असते. कुठल्या तरी कोटवाल्याचं डोकं काढायचं आणि त्या गळ्यावर आपल्या गिऱ्हाइकाचं बसवायचं. दुकानात याला सरळ ‘मुंडकं बदलणं’ म्हणत, आणि बाईंच्या हातचं मुंडकं कधी उसनं वाटत नसे, असा त्यांचा लौकिक होता.

एकदा एका घरच्यांनी मयत माणसाचा फोटो आणला. तो मेल्यावरच काढलेला, डोळे मिटलेले. दुसरा फोटोच नव्हता. बाईंनी त्याच्या धाकट्या भावाचे डोळे काढून त्याला लावले. फलक चौकात लागला, लोकांनी हात जोडले, आणि त्या दिवशी बाईंना जेवण गेलं नाही. गोकुळराव म्हणाले, पोट बिघडलं असेल. बाई म्हणाल्या, असेल.

अशा बाईकडे गेल्या डिसेंबरात अकरावीतली दोन मुलं आली. इंदापूर रस्त्यावरच्या एका शिक्षण संस्थेच्या कॉलेजातली, श्रेया आणि ऋषिराज. कॉलेजने यंदा विद्यार्थ्यांचा संगीत विषयावरचा अंक काढायचं ठरवलं होतं आणि संस्थेची सगळी छपाई बाईंकडेच असल्याने मुलांना इकडं धाडलं होतं. बाईंनी सवयीने कोपऱ्यात वीणा आणि कडेला झेंडूच्या माळा असलेला साचा उघडला. ऋषिराजने श्रेयाकडे पाहिलं. श्रेया कळंबची, तोंडाने फटकळ. ती म्हणाली, “ताई, ही लग्नपत्रिका झाली. आमच्या वर्गातलं एक पोरगं हे उघडणार न्हाय.”

बाईंना राग यायला हवा होता. पण त्यांनी खुर्ची वळवली आणि विचारलं, “मग कसं उघडेल?”

मुलांनी सांगायला सुरुवात केली ती दुपार संपली तरी थांबेनात. अंकाचं नाव ‘माइक चेक’. उपदेश कुठंच नको. अक्षर फ्लेक्ससारखं फुगलेलं नको. एका पानावर एकच गोष्ट, आणि आजूबाजूला मोकळी जागा, कारण मुलं फोनवर वाचतात आणि गचडी झाली की पुढं सरकतात. मजकूर त्यांनी वहीच्या कागदांवर लिहून आणला होता. हंगाम चालू झाल्यापासून ही दोघं आणि त्यांचे चार मित्र रोज संध्याकाळी फाट्यावर उभी राहून, उसाच्या ट्रॅक्टरवर कुठली गाणी मोठ्यांदा लागतात त्याची टिपणं घेत होती. कुठला ड्रायव्हर काय लावतो, रिकामा परतताना काय लावतो, आणि भरलेल्या ट्रॉल्या चढाला लागल्या की आवाज का बंद करतो. शेवटच्याचं उत्तर ड्रायव्हरनेच दिलं होतं, की चढाला इंजिन ऐकावं लागतं. ऋषिराज फोनवर ठेके जुळवायचा, त्याने ते कसे जुळवतात हे चित्रांनी दाखवलं होतं. आणि मधली दोन पानं होती श्रेयाच्या आजोबांची.

जोतीराम आबा कळंबला भेंडी-गवारीचं माळवं करतात आणि पोळ्याला, कुस्त्यांच्या फडात हलगी वाजवतात. हलगीचं कातडं वाजवायच्या आधी का तापवायचं, किती तापवायचं, जास्त तापलं तर काय होतं, हे आबांनी सांगितलं होतं आणि नातीने त्यांच्याच बोलीत उतरवून घेतलं होतं. सोबत तिने फोनवर काढलेला फोटो. बांधावर उभे आबा, छातीशी हलगी, तोंड किंचित उघडं, नखांत माती. बाईंनी तो पडद्यावर मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिल्या. त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं.

“हाच मुखपृष्ठाला घेऊ,” बाई म्हणाल्या.

श्रेयाने त्याच संध्याकाळी घरी सांगून टाकलं. आबांचा फोटो कधी कशावर छापून आला नव्हता. आबा वरून काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी बाजारला जाताना चार जणांना सांगून आले. हे श्रेयाने हसत हसत बाईंना सांगितलं, आणि तेव्हापासून बाईंच्याही जिवाला लागून राहिलं की हे मुखपृष्ठ असंच्या असं निघालं पाहिजे.

पुढचे तीन आठवडे त्यांनी मुलांबरोबर पानं लावली. आलेल्या गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून त्या ट्रॅक्टरच्या गाण्यांच्या पानासाठी अक्षर शोधत बसत. गोकुळराव चिडवायचे, की बाईसाहेबांना परत अकरावीला बसायचंय. बाई मनावर घेत नव्हत्या.

मग अविराज आला. हा संस्थेच्या अध्यक्षांच्या कार्यालयातला माणूस. पस्तिशीचा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलायला गोड. तो कधी हुकूम सोडत नसे, ‘तेवढं बघून घ्या’ म्हणे. त्याने पानं चाळली, छान छान म्हणाला, आणि सांगितलं की अंकाचं प्रकाशन अध्यक्षांच्या वाढदिवसाला ठरलंय. तेव्हा पहिली आठ पानं शुभेच्छांची. मानाप्रमाणे फोटो. कुणाचा फोटो कुणाच्या वर, याची यादी त्याने खिशातून काढून दिली. मागच्या वर्षी एका संचालकांचा फोटो अर्धा इंच लहान गेला म्हणून ते तीन महिने सभेला आले नव्हते, हेही सांगितलं. बाईंनी यादी घेतली. असल्या याद्या त्यांच्या टेबलावर रोज येत.

मग अविराज मुखपृष्ठावर थांबला.

“हलगी झकास आहे. मातीतली वाटते,” तो म्हणाला. “फक्त म्हाताऱ्याचं तोंड बदला. अध्यक्षसाहेबांचा फोटो पाठवतो. साहेब मातीतले वाटले पाहिजेत. आणि हात जरा काळे दिसतात मॅडम, ते तोंडाशी जुळवून घ्या. नखंही तेवढी साफ करा.”

बाईंनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत गाडीत बसून गेला. दोन मिनिटांत अध्यक्षांचा फोटो आला. हसरा, गुबगुबीत, कपाळावर दिव्याचा उजेड चकाकतोय असा.

पुढं जे झालं ते बाईंना नंतरही नीट सांगता आलं नाही. त्यांनी ठरवून काही केलं नाही. हाताला वळण होतं, हात चालले. आबांचं डोकं गळ्याच्या रेषेवर सुटं झालं. तिथं अध्यक्ष बसले. गळ्याखालची सावली जुळली, कानामागची कड पुसली गेली. मनगटं उजळली, शिरा गेल्या, नखांतली माती गेली. मातीतला माणूस करायचा म्हणून माती पुसून काढली, हे बाईंच्या ध्यानात आलं तेव्हा काम संपलं होतं. आणि काम संपलं की नमुना लगेच गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सअॅपवर टाकायचा, हाही दुकानाचा बावीस वर्षांचा शिरस्ता. तो नमुना जाऊन पोचलासुद्धा. अविराजचा अंगठा आला.

तेवढ्यात दारात श्रेया उभी. ती मजकुरातल्या दुरुस्त्या घेऊन आली होती. तिने पडद्याकडं पाहिलं. आजोबांचा सदरा, आजोबांची हलगी, आजोबांच्या मागचा आपलाच बांध, आणि वर अध्यक्ष हसतायत.

“तुमी केलं हे?” तिने विचारलं.

“हो,” बाई म्हणाल्या.

“लई बेमालूम केलंय,” ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच बाईंना ते जास्त लागलं. त्यांनी आजवर हेच शब्द मिरवले होते. त्या उठल्या आणि मागच्या मोरीवर हात धुवायला गेल्या. परत आल्या तेव्हा श्रेया टेबलावरचे वहीचे कागद एकावर एक ठेवत होती. आमचं लिहिलेलं आमाला परत पाहिजे, असं ती म्हणाली. ट्रॅक्टरचं, ठेक्यांचं, हलगी तापवायचं, सगळं. बाईंनी कागद दिले आणि तिच्यासमोरच संगणकातलं ते मुखपृष्ठ काढून टाकलं. मग अविराजला फोन लावून सांगितलं की हा अंक आपल्याच्याने होणार नाही, संस्थेचं बाकीचं कामही दुसरीकडं द्यावं. अविराज तिकडून हसला. काही हरकत नाही मॅडम, म्हणाला, तुम्ही पाठवलेलं आहे ना माझ्याकडं.

गोकुळराव मशीन थांबवून आले. संस्थेचं काम गेलं म्हणून ते बोलतील असं बाईंना वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, “नमुना कशाला धाडलास गं?”

अंक वेळेवर निघाला. दुसऱ्या गल्लीतल्या दुकानदाराने व्हॉट्सअॅपवरचाच फोटो मोठा करून छापला, त्यामुळे अध्यक्ष जरा पुसट आले, पण ते कुणाला खटकलं नाही. मुलांनी मजकूर काढून घेतल्यावर आतल्या पानांचं काय करायचं हा प्रश्न अविराजने शुभेच्छांनी सोडवला. दूध डेअरी, पतपेढी, भंगारवाला, मंडपवाला. संगीताच्या अंकात संगीतावर एक ओळ नव्हती. व्यासपीठावर एका पाहुण्याने अंक न उघडताच, विद्यार्थ्यांनी घेतलेले कष्ट पानापानांत दिसतात असं सांगितलं. विद्यार्थ्यांना टाळ्या वाजवायला पुढच्या रांगांत बसवलं होतं. मुलांनी अंक तिथंच खुर्च्यांखाली टाकले आणि शिपायाने ते गोळा करून पुढच्या कार्यक्रमाला वाटायला ठेवले.

हे सगळं बाईंना ऋषिराजने येऊन सांगितलं. त्याने एक अंकही आणला होता. श्रेयाबद्दल विचारल्यावर तो म्हणाला, तिने घरी अजून काही सांगितलं नाही. आबा रोज विचारतात, पुस्तक आलं का.

रविवारी बाई गाडी काढून कळंबला गेल्या. सांगायचं तर आपणच सांगायचं, पोरीवर टाकायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं होतं. आबा भेंडीला पाणी देत होते. श्रेयाने ओळख करून दिली, ह्याच त्या ताई. आबांनी हात पुसले, बाजेवर गोधडी टाकली, चहा ठेवायला आत सांगितलं. बाईंनी पिशवीतून अंक काढून त्यांच्या हातात दिला.

आबांनी तो लांब धरला. मग जवळ आणला. सदऱ्यावर बोट ठेवलं, मग मागच्या बांधावर, मग हलगीवर. अध्यक्षांना त्यांनी ओळखलं. मतं मागायला ते एकदा वस्तीवर येऊन गेले होते. श्रेया दाराच्या चौकटीला टेकून खाली बघत होती.

“ह्यांस्नी वाजवता येती व्हय?” आबांनी विचारलं.

“नाही, आबा.”

“मग हात कशाला घेतला माजा?” त्यांना खरंच कळत नव्हतं. “तोंड त्यांचं, तर हात बी त्यांचाच लावायचा. न्हाय येत वाजवाया, तर न्हाय येत. त्यात काय लाजायचं?”

बाईंना अविराजचं नाव सांगता आलं असतं, दुसऱ्या गल्लीतल्या दुकानाचं सांगता आलं असतं. ते सगळं खरंही होतं. पण समोर तो हात होता, ओला, नखांत माती असलेला, आणि त्यावरच्या शिरा त्यांनी एकेक करून पुसल्या होत्या.

“त्यांनी नाही घेतला, आबा,” त्या म्हणाल्या. “मी काढून दिला.”

आबांनी शिवी दिली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. त्यांनी अंक बाजेवर पालथा ठेवला, चहा घेऊन जा म्हणाले, आणि लाइट जायच्या आत पुढच्या सरीचं पाणी वळवायला निघून गेले.