सुरू झालं म्हणजे नक्की काय?

पनवेलच्या एसटी स्टँडजवळ आमचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे दोन संगणक आहेत, एकाच वेळी जुन्या बाजारातून घेतलेले, अगदी जुळे. सकाळी ते सुरू व्हायला इतका वेळ घेत, की लवकर आलेल्या गिऱ्हाइकाला मी नाश्ता करून यायला सांगायचे.

माझा धाकटा भाऊ खारघरला कॉम्प्युटर कंपनीत आहे. एका रविवारी तो जेवायला आला आणि त्याने कारण सांगितलं. बटण दाबलं की आत बरीच छोटी कामं सुरू व्हावी लागतात. प्रिंटरचं एक, इंटरनेटचं एक, मराठी अक्षरांचं एक. आमचे संगणक ती एकामागून एक करत होते. सगळी एकदम सुरू केली तर वेळ वाचेल, असं त्याचं म्हणणं. माझ्या नवऱ्याला ते मुळीच पटलं नाही. रांग मोडली की गोंधळ होतो, यंत्र झालं म्हणून काय झालं, असं हे म्हणाले. आमटी गार झाली तरी दोघं हटेनात. शेवटी ठरलं, एका संगणकात भावाने हवा तो बदल करावा, दुसऱ्याला कोणी हात लावू नये, आणि सोमवारी दोन्ही एकदम चालू करून बघावेत.

त्यासाठी भावाने चक्क रजा टाकली. पंच म्हणून आमच्याकडे रोज पेपर वाचायला येणारे काका होते, एसटीतून निवृत्त झालेले कंट्रोलर. ते इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून आले. तेवढ्यात गव्हाणचे एक गृहस्थ ग्रामपंचायतीत द्यायचा अर्ज न्यायला आले. तो मी शनिवारीच टाइप करून दोन्ही संगणकांत ठेवला होता, फक्त छापायचा होता. त्यांना मी बसायला स्टूल दिलं.

शिट्टी वाजली. दोघांनी बटणं दाबली. भावाचा संगणक लगेच खरखरायला लागला. सगळी कामं एकाच वेळी आतल्या फिरत्या डिस्ककडे धावली होती आणि ती बिचारी एकेकाला पुरी पडत नव्हती. यांचा मात्र शांतपणे पुढे सरकत होता. मग तो इंटरनेटपाशी आला आणि अडला. राउटर अजून जागा झाला नव्हता, आणि बाकीची सगळी कामं मागे ताटकळत उभी.

"भावोजी, तुमची रांग बघा," भाऊ म्हणाला.

त्याच्या पडद्यावर आधी चित्र उमटलं. त्याने हात वर केले. यांनी त्याला काहीतरी उघडून दाखवायला सांगितलं. त्याने क्लिक केलं, तर बाणाचं गोल चक्र झालं आणि ते नुसतं फिरत राहिलं. तेवढ्यात यांचा पडदा उजळला. दोघंही आपण जिंकलो म्हणायला लागले.

काकांनी डोळे मिटून घेतले. डबल बेल वाजली तेव्हा गाडी सुटली म्हणायची की फाटकाबाहेर पडली तेव्हा, हा वाद आपल्याला सबंध नोकरीत सोडवता आला नाही, असं त्यांनी सांगितलं. मग डोळे उघडून निकाल दिला, "ज्याचा कागद आधी छापून येईल, तो आधी सुरू झाला."

अर्ज दोघांनीही पाठवला. पण प्रिंटर एकच. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग त्याने पाठोपाठ दोन कागद बाहेर टाकले, हुबेहूब सारखे. कुठला कोणाचा ते कळायला मार्ग नव्हता. हे कागद उजेडात धरून आपल्या शाईचा काळेपणा शोधायला लागले. गृहस्थांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग यांच्या हातातून दोन्ही कागद अलगद काढून घेतले आणि ते स्टँडकडे चालू लागले.

पुरावाच निघाला म्हटल्यावर तिघं त्यांच्यामागे धावले. दुकान टाकून मीही गेले. गृहस्थ उरणच्या गाडीत खिडकीशी बसले होते. काका खालून शिट्टी वाजवत होते, त्यामुळे ड्रायव्हरही गोंधळला. एकदाच कागद बघू द्या, अशी हे विनवणी करायला लागले. गृहस्थांनी ते शर्टाच्या आत खोल सरकवले.

"सरपंचाची सही झाल्याबिगर कोनाला दावनार नाय," ते म्हणाले, आणि गाडी गेली.

पुढच्याच आठवड्यात भावाने दोन्ही संगणकांत नव्या, न फिरणाऱ्या डिस्क बसवल्या. आता कामं एकदम सुरू होवोत की एकेक करून, खुर्ची ओढेपर्यंत पडदा तयार असतो. तरी त्या सोमवारी आपणच जिंकलो, असं हे अजून सांगतात. कशावरून, असं मी एकदा विचारलं.

हे म्हणाले, "माझा दमला नव्हता."