ताजा रंधा

एसटीच्या अपघातात माझा डावा पाय गुडघ्याखाली गेला, ते साल सहासष्ट. शाळेनं नऊ महिने सांभाळून घेतलं. मग निरोप आला, की जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी बाई वर्गात उभ्या राहिल्या तर ठीक, नाहीतर जागा दुसऱ्याला. घरात मिळवती मी एकटी.

हर्सूलचे पुंजाराम मिस्त्री लाकडी पाय करून द्यायला तयार झाले. बैलगाड्या करणारा माणूस, पाय जन्मात केलेला नाही. पण नाही म्हणणं त्यांना जमत नसे. जुन्या सागाचे दोन तुकडे आतून पोखरून सरसानं चिकटवायचे होते. खिळा आतून टोचला असता. पहिला पाय दहाव्या पावलाला उकलला. मिस्त्रींनी सरस विकणाऱ्याचा उद्धार केला, नवा सरस आणून दुसरा पाय केला. तोही उकलला आणि मी त्यांच्याच अंगणात तोंडावर पडले. शाळेला दोन दिवस उरले होते. मी त्यांना नको नको ते बोलले.

त्यांनी मला पाणी दिलं. पिताना थोडं पाणी उकललेल्या तुकड्यावर सांडलं. सरसाचा पापुद्रा सगळा दुसऱ्या तुकड्याबरोबर गेला होता, हा कोराच होता. त्यावर पाण्याचे थेंब गोल उभे राहिले.

"आशाबाई, हे पाणीच पीत नाय, तं सरस काय पिणार?"

त्यांनी रंध्याकडं हात नेला आणि थांबले. अमावास्या होती. त्या दिवशी सुतार हत्याराला हात लावत नाही. यांनी तीस वर्षांत लावला नव्हता.

"उद्या करा," मी म्हटलं.

"उद्या जोडलं तं परवापर्यंत वाळायचं नाय."

रंध्याला हात जोडून त्यांनी एक सालपट काढलं. ताज्या लाकडावर थेंब टाकला, तो पसरला आणि मुरला.

"सागाच्या अंगात लई तेल. मी एक दिस रंधा मारायचो, दुसऱ्या दिशी जोडायचो. तवर तेल वर येतं. सरस बिचारा चांगला व्हता."

दोन्ही तुकडे तासून लगेच गरम सरसानं जोडले, सुतळीनं आवळले.

मिस्त्रींचे उपकार माझ्यानं फिटणार नाहीत आणि मला ते फेडायचेही नाहीत. शाळा उघडली त्या दिवशी मी वर्गात शिरले, तशी पोरं उठली. मी त्यांना बसा म्हटलं. मी मात्र शेवटच्या घंटेपर्यंत बसले नाही.