युरोला वास येत नाही

लोणीच्या शिवारात कुणाला कांद्याच्या बराखीची शंका आली, की माणसं दादाभाऊंना बोलावत. बराखी म्हणजे कांदा साठवायची लांबट, हवेशीर छपरी. उन्हाळ्यात भरायची आणि भाव येईपर्यंत दम धरायचा. दादाभाऊ तिच्या कुडाला नाक लावून संथ चालत जात आणि मध्येच थांबत. "इथं खालचा थर चाललाय. आजच काढा." कूड उघडला की तिथं सडका कांदा निघायचाच. भाव पडला म्हणून या माणसानं कधी कांदा विकला नाही. विकला तो भाव आल्यावर, नाहीतर वास आल्यावर.

असा माणूस २००८ साली कॉम्प्युटरसमोर येऊन बसला. त्यांचा भाचा भरत मंचरला कॉम्प्युटरचे क्लास घेई. त्यानं घरी एक सॉफ्टवेअर बसवून दिलं. ते आपलं आपण युरो विकत घ्यायचं आणि भाव चढला की विकून टाकायचं. पडद्यावर भावाची नागमोडी रेघ वळवळायची, आणि तिच्या खाली एक लाल रेघ आडवी पडून असायची.

"मामा, ही लाल रेघ म्हंजी स्टॉप लॉस. भाव हिच्यापत्तुर खाली आला, की सॉफ्टवेअर तोटा घेऊन भायेर पडतंय. हिला तेवढा हात लावू नका."

"तोट्यात इकायचं? अन् उद्या भाव चढला मंग?"

"चढू द्या की. तुमी मशीनवर सोडा."

त्यात गुंतवलेले पैसे नव्या बराखीसाठी साठवलेले होते. जुनीचे खांब वाळवीनं पोखरले होते आणि दिवाळीनंतर नवी उभी करायची, असं दादाभाऊंच्या बायकोनं, लंकाबाईंनी, त्यांच्याकडून वदवून घेतलं होतं.

श्रावणात युरो घसरू लागला. भाव लाल रेघेला टेकणार, एवढ्यात दादाभाऊ खुर्चीत पुढं सरकले. त्यांनी माउसनं ती रेघ धरली आणि खाली ओढली. थोड्या दिवसांनी भाव वर आला. सॉफ्टवेअरनं नफ्यात विकलं.

"बघ," ते लंकाबाईंना म्हणाले, "मशीनला दम न्हाई. दम म्या धरला."

पावसाळा सरताना सॉफ्टवेअरनं पुन्हा युरो घेतला आणि तो पुन्हा घसरला. दादाभाऊंनी पुन्हा रेघ ओढली. भाव तिच्यामागून उतरतच आला. रोज सकाळी चहाआधी रेघ खाली सरकवायची, हे आता त्यांचं काम होऊन बसलं. हे कळल्यावर भरत फोनवर ओरडला.

"सोताच्या हातानं गाडीचा ब्रेक काढून ठिवलाय की, राव!"

"आरं, मागल्या खेपेला रेघ वढली म्हून तर वाचलो!"



लंकाबाई चहाची कपबशी घेऊन मागं उभ्या राहिल्या. "अवो, ह्यो युरो ठिवला तर टिकतोय का सडतोय?"

"सडत न्हाई."

"मंग भ्या कशाचं?"

"पैसं सडत्यात."

"म्हंजी कांदा दुसऱ्याचा, अन् सडतीया ती आपली बराखी?"

 दादाभाऊ पडद्याच्या अगदी जवळ सरकले. तापलेल्या प्लास्टिकचा आणि धुळीचा वास तेवढा आला. कांदा गेला असता तर नाकानं सांगितलं असतं. इथं आत काय चाललंय, ते कशानं ओळखायचं?

 मग अर्धे पैसे तरी हाती राहतील, अशा जागी त्यांनी लाल रेघ नेऊन ठेवली. पुन्हा ओढायचा मोह नको म्हणून ते उठले आणि जुन्या बराखीत कांदा निवडत बसले. दिवस कलता घरात आले, तेव्हा सॉफ्टवेअर तोट्यात विकून मोकळं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी युरो चढला. दादाभाऊ हळहळले. त्यानंतर तो आणखी खाली गेला, तेव्हा त्यांना हायसं वाटलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा चढला. मग त्यांनी बघणंच सोडलं. केलं ते बरं का वाईट, हे विचारायला कुणाकडं जावं?

दिवाळी झाल्यावर लंकाबाईंनी खुंट्या आणि सुतळी काढली. "अर्धीच बांधू. चला."

"अन् बाकीचा कांदा?"

"निघंल तसा इकायचा."

"पडल्या भावात?"

"पडल्या भावात." लंकाबाईंनी पहिली खुंटी ठोकली आणि सुतळीचं टोक नवऱ्याच्या हाती दिलं. दादाभाऊ सुतळी धरून मागं मागं सरकत राहिले. पुरे कुठं म्हणायचं, ते त्यांना ठरवता येईना.

"थांबा की!" लंकाबाई ओरडल्या. "अर्धी तितंच झाली."